डुकरांसाठी लावलेला रेडिओ

तुमच्या घरातल्या कोणत्या वस्तूंचे तुम्ही मालक आहात आणि कोणत्या वस्तूंचे नुसते गिऱ्हाईक?

चिडू नका. मिक्सर तुमचाच आहे, मान्य. पण तो बंद पडला की दुकानदार म्हणतो, "आतलं गेलं," आणि तुम्ही मान डोलावता. आतलं म्हणजे काय, ते गेलं कसं, हे विचारायला त्याचं नाव ठाऊक असावं लागतं. नाव नाही तर प्रश्न नाही, आणि प्रश्न नाही तर मान डोलावणं आलंच.

हे मी पाळण्यातच ऐकलं असावं. अमरावतीतलं आमचं घर पत्रकांवर चालायचं. बाबा पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, चौकात वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. उरायचीच जास्त. शाळेच्या डब्यातली पोळी पत्रकात, कपाटाच्या फळीवर पत्रक, खिडकीची फुटकी काच पत्रकाने बुजवलेली. इतर पोरांचा अ अननसाचा होता, माझा अन्यायाचा.

त्या घरात एक नियम होता, तो आजही आहे. ज्या भागाचं नाव आणि काम सांगता येत नाही, त्याला हात लावायचा नाही. फ्रिज आला तेव्हा कॉम्प्रेसर काय करतो हे आईला सांगता येईपर्यंत बाबांनी तो सुरू करू दिला नाही. शेवटी आईनेही एक पत्रक काढलं आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलं: 'थंड पाणी हवं की ज्ञान? जबाबदार व्यक्तीने खुलासा करावा.' बाबांनी ते मोठ्याने वाचलं, तिचं मनापासून अभिनंदन केलं आणि नियम कायम ठेवला.

तर गेल्या हिवाळ्यात मी माझं स्वतःचं पत्रक लिहीत होते. विषय रेडिओ. भंगारातले संच आणून मी खोलले होते, पुस्तकं चाळली होती आणि प्रत्येक भागाचं नाव, काम आणि चित्र एका कागदावर बसवलं होतं. मथळा होता 'रेडिओचे भाग: ओळख आणि हक्क'. गठ्ठा छापून घरी आला त्याच दुपारी बाळापूरहून मोठ्या आईचा फोन आला. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ती आणि मोठे बाबा बाळापूरजवळ भाजीपाला पिकवतात.

"काय करून राहिली वं?"

"रेडिओवर पत्रक काढलं, मोठी आई."

"बरं झालं. आमचा रेडिओ मुका झाला. उद्या ये."

"दुकानात दाखवला का?"

"दुकानवाला आता मोबाइलचे कव्हर इकते. थो म्हने नवा घ्या, चार्जिंगचा. वावरात लाइन कुठं हाय चार्जिंगले? अन डुकरं का थांबनार हायेत नवा येतलोक?"

डुकरांचा इथे काय संबंध, असं तुम्हांला वाटलं असेल तर तुम्ही शहरात राहता. आमच्याकडे दिवस मावळला की नाल्याच्या काठच्या झुडपांतून रानडुकरं निघतात आणि वावर नांगरल्यासारखं उकरतात. मोठ्या आईची रताळी महाशिवरात्रीच्या उपासासाठी काढणीला आली होती, आणि डुकराला रताळ्यापुढे दुसरं काही सुचत नाही. म्हणून वावराच्या मधोमध बांबूवर रेडिओ टांगायचा आणि सांजेला लावून द्यायचा. डुकरांना वाटतं माणसं बसली आहेत. मोठ्या बाबांनी मध्यंतरी मोबाइलवर स्वतःचं खोकणं आणि शिव्या भरून त्या वाजवून पाहिल्या होत्या. डुकरांना ते लवकरच पाठ झालं. एक डुक्कर तर त्या मोबाइलशेजारी बसून रताळं खाताना दिसलं, असं मोठे बाबा अजून दुखावलेल्या आवाजात सांगतात. रेडिओचं तसं नाही. तो रोज नवीन बोलतो. डुकराला वाटतं, आज कोणी वेगळेच पाहुणे आलेत.

मी पोचेपर्यंत तो रेडिओ दोन सांजा गप्प राहिला होता आणि दोन्ही सकाळी वावराचा एकेक कोपरा उलटापालटा झालेला होता. त्या दिवशीही सूर्य मावळायच्या आत तो बोलला नाही, तर उरलेली रताळी डुकरांच्या उपासाला जाणार होती.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गाडी बदलून दुपारी वावरात पोचले. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, काखेत पत्रकांचा गठ्ठा. कडुनिंबाखाली पोतं अंथरून रेडिओ ठेवला होता. त्याच्याभोवती तिघं बसली होती: मोठी आई, मोठे बाबा आणि धुऱ्यापलीकडचे, म्हणजे बांधाशेजारच्या वावरातले, चाचा. चाचांचा कांदा आणि मेथी याच रेडिओच्या आवाजावर राखली जायची. त्यामुळे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं, रेडिओ आमचा आणि सेल चाचांचे.

"सेल नवे टाकले कल," मी काही विचारायच्या आत चाचा म्हणाले. "कोई ये नको बोलो के मेरे सेल में खराबी है."

"म्याच टाकले," मोठे बाबा म्हणाले. "अंधारात, चाचपडून. तरी मुकाच."

म्हणजे सेलचा प्रश्न मिटला. मी तिघांना पत्रक दिलं आणि नियम सांगितला. कोणत्याही भागाला हात लावायच्या आधी त्याचं नाव आणि काम सांगायचं.

मोठ्या बाबांनी लगेच पुढे होऊन रेडिओची चकचकीत काडी ओढली.

"थांबा. नाव?"

"काडी."

"अँटेना. काम?"

"हे हालवली का आवाज येते."

"मोठे बाबा, ही काडी एफएमसाठी आहे. तुम्ही ऐकता ते स्टेशन मीडियम वेव्हचं. त्याच्या लहरी आत एक काळी कांडी असते, तांब्याची तार गुंडाळलेली, ती धरते. बाहेरच्या काडीचा त्यात काही संबंध नाही."

मोठ्या बाबांनी काडी खालून वरपर्यंत न्याहाळली. "मंग मी इतके वर्षं काय हालवून राहिलो?"

"काडी हलवताना अख्खा रेडिओ हलतो. त्याबरोबर आतली कांडी फिरते, म्हणून आवाज सुधारतो."

"म्हंजे हालवल्यानंच येते ना?"

"हो, पण..."

"मंग बरोबरच हाय माहं," असं म्हणून त्यांनी काडी आणखी लांब ओढली आणि चाचांकडे विजयाने पाहिलं.

मी मागचे स्क्रू काढले. हिरवी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, दिसली आणि तिघंही एकदम वाकले. लहर म्हणजे काय हे सांगायला मी पत्रकातलं वाक्य वाचलं: 'वाहक लहरीवर आरूढ झालेला ध्वनी ग्रहण करून...' मोठ्या आईने पत्रक उलटं करून त्यावर सुपारी कातरायला घेतली. तेव्हा मी पत्रक बाजूला ठेवलं आणि तिला अकोल्याच्या भाजीबाजारात नेलं.

"मोठी आई, समज बाजाराचं फाटक आहे. पहाटे सगळ्या गावांच्या गाड्या त्यातून आत येतात. हे फाटक म्हणजे अँटेना, ही आतली काळी कांडी. ते कोणाला अडवत नाही, सगळी स्टेशनं एकदम आत घेतं."

"बरं."

"आता तुला फक्त बाळापूरची गाडी पाहिजे. हे बटन फिरवून आपण तेवढी एकच गाडी थांबवतो. हा ट्यूनर. आपण त्याला कान म्हणतो."

"कान पिळला का गाडी थांबते. समजलं."

"गाडीत पोतं आहे, पोत्यात रताळी. रताळी म्हणजे आवाज. पोतं म्हणजे वाहक लहर. आवाज एकटा इतक्या लांब येऊ शकत नाही, म्हणून त्याला पोत्यात भरून पाठवतात. हा जो बारीक भाग आहे ना, डिटेक्टर, तो पोतं रिकामं करून रताळी बाहेर काढतो. मग हे ॲम्प्लिफायर. बाजारात हर्रासाची बोली पुकारणारा माणूस असतो ना? कोणी हळूच भाव बोलला की तो अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडतो. तसं. आणि हा भोंगा, स्पीकर, हे त्याचं तोंड."

मोठी आई खूश झाली. तिने फाटकापासून तोंडापर्यंत सगळं एका दमात म्हणून दाखवलं आणि नियमाप्रमाणे एकेका भागाला बोट लावून घेतलं. चाचांनीही म्हटलं. मला वाटलं, हेच ते. पत्रक लोकांपर्यंत पोचतं म्हणजे हेच.

मग मोठे बाबा म्हणाले, "पोतं कुठं जाते?"

"काय?"

"रताळी काहाडली. मंग रिकामं पोतं? आमी त् बाजारातून वापस आनतो."

"ते... ते पाटीवरून जमिनीकडे जातं. ग्राउंड म्हणतात त्याला."

"जमिनीत? पोतं?"

"खरं पोतं नाही, मोठे बाबा."

"इतक्या वर्षाचे पोते या वावराच्या जमिनीत चालले? अन मले कोनी सांगतलं नाही?"

"भाई, तभी तुम्हारी जमीन में पानी नहीं मुरता," चाचा गंभीरपणे म्हणाले.

"तुमच्या सेलावर चालते रेडिओ. पोते तुमच्याकडंच जात असन."

"मेरे सेल को बीच में नको लाओ, बोला ना मैंने!"

या वादात दुपार कलली. मी दरम्यान पाटीवरचा प्रत्येक सांधा पाहिला, भोंग्याच्या तारा ओढून पाहिल्या, ट्यूनरच्या आतली धूळ फुंकली. रंगीत पट्ट्यांच्या बारक्या नळ्या म्हणजे रेझिस्टर, ते प्रवाहाला आवर घालतात. छोटे डबे म्हणजे कपॅसिटर, ते वीज साठवतात आणि लागेल तशी सोडतात. सगळ्यांची नावं सांगितली, सगळ्यांची म्हणून घेतली. कुठे काही जळलेलं नव्हतं, तुटलेलं नव्हतं. झाकण बसवलं. एक स्क्रू उरला. रेडिओ लावला.

रेडिओ मुकाच.

"सारे नावं पाठ झाले," मोठी आई म्हणाली, "अन बोलत कोनीच नाही. लग्नातल्या रुसलेल्या पाहुन्यासारखं."

सूर्य निंबाच्या खालच्या फांदीला टेकला होता. नाल्याकडच्या बोरीच्या झुडपांत खसफस झाली. एक काळं नाक बाहेर आलं, त्यामागे दुसरं, मग एक मोठं, केस उभे असलेलं धूड. मोठी आई उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गंमत नव्हती. दसऱ्यापासून पाणी देऊन, वेल उलटवून वाढवलेलं पीक तिच्या आणि त्या नाकांच्या मध्ये पसरलेलं होतं.

आणि मोठे बाबा अजून पोत्यावरच होते. "मी म्हनतो, जमिनीत जाते त् खोदल्यावर सापडलं पाह्यजे!"

"खोदो! खोदो! बाकी डुकर खोद देंगे!"

"तुमची मेथीबी खातीन, मंग सांगा!"

डुकरं थांबली. कान उभे करून ऐकलं. मग मोठं धूड वळलं आणि सगळी झुडपात गेली.

"थांबू नका!" मोठी आई ओरडली. "भांडत राहा!"

आता गंमत बघा. दुपारभर ज्यांची तोंडं मिटली नव्हती, त्या दोघांना भांडा म्हटल्याबरोबर एक शब्द सुचेना. मोठे बाबा घसा खाकरून म्हणाले, "बाकी, चाचा, कसं काय?" चाचा म्हणाले, "ठीकच है सब." अशा सभ्य शांततेत नाक पुन्हा बाहेर आलं.

मग मी गठ्ठ्यातलं पत्रक काढलं आणि बांधावर उभी राहिले. बाबांनी शिकवलं तसं, पोटातून आवाज काढत वाचायला लागले. "बंधूंनो आणि भगिनींनो! किती दिवस तुम्ही अज्ञानाचे गुलाम राहणार? कपॅसिटर म्हणजे काय, हे जाणून घेण्याचा हक्क तुमचा आहे!"

डुकरं पळाली. खरंच पळाली. माझ्या पत्रकाचा इतका झटपट परिणाम मी आजवर पाहिला नव्हता. 'रेझिस्टर कोणासमोर झुकत नाही' या ओळीला तर मागचं पिल्लू स्वतःच्याच पायात अडकून पडलं.

पण पत्रक एका कागदाचं. ते संपलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हटल्यावर मोठ्या धुडाने मान वर केली. 'अज्ञानाचे गुलाम'पर्यंत त्याने वाट पाहिली. मग तेच आहे हे लक्षात येऊन ते सावकाश रताळ्यांकडे चालायला लागलं. मोठ्या बाबांनी माझ्याकडे अगदी समजुतीने पाहिलं. त्यांचं खोकणंही असंच वाया गेलं होतं.

"हट! बॅटरी द्या, आंगावर जाते मी!" मोठी आई म्हणाली. बॅटरी म्हणजे टॉर्च. तिच्यात सेल नव्हते, म्हणून तिने रेडिओच्या बुडाचं छोटं झाकण काढलं आणि चाचांचे नवे सेल बाहेर ओढले. मग ती आत डोकावली.

"हे काय हाय वं?"

सेल बसतात त्या खोक्यात, टोकाला, तारेचं एक गोल गोल स्प्रिंगसारखं असतं. त्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पपडी चढली होती. जुने सेल कधीतरी पाझरले होते आणि मोठ्या बाबांनी अंधारात चाचपडून नवे सेल त्या पपडीवरच बसवले होते. वीज पुढे जाणार कशी? दुपारभर आम्ही फाटकापासून तोंडापर्यंत सगळा बाजार तपासला होता, आणि बाजाराला यायचा रस्ताच बंद होता.

चाचांनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "नाम बताओ बेटी. फिर हाथ लगाता हूं."

मी पत्रक पाहिलं. पुढून, मागून. रंगीत पट्ट्यांच्या बत्तीस नळ्यांची माहिती होती, या तारेची नव्हती. तिला कोणी भागच समजलेलं नव्हतं, ना पुस्तकांनी, ना मी.

"नाव... छापलेलं नाही."

"नाव नाही त् हात नाही," मोठे बाबा म्हणाले. ते दुपारभर या क्षणाची वाट पाहत असावेत. "तुहाच कायदा हाय, बाई."

"छल्ला बोलो," चाचा म्हणाले.

"छल्ला बोटात घालतेत," मोठे बाबा म्हणाले.

"संपर्क..." मी सुरुवात केली. "संपर्क-कमान..."

धूड पहिल्या वाफ्यापर्यंत आलं होतं.

"वेटोळं!" मोठी आई कडाडली. "याचं नाव वेटोळं. काम, सेलले दाबून धरनं अन वीज आत सोडनं. झालं नाव, झालं काम. सभा बरखास्त. काडीपेटी द्या!"

मोठ्या बाबांनी बिडीची काडीपेटी दिली. चाचांनी तिच्या खरखरीत बाजूने वेटोळं घासलं, मी सदऱ्याच्या टोकाने पुसलं, मोठ्या आईने सेल दाबून बसवले आणि मोठ्या बाबांनी, कोणी काही म्हणायच्या आत, काडी हलवली.

"...हिवाळ्यात त्वचा कोरडी पडते," रेडिओतून एक अतिशय गोड बाई म्हणाली. "अशा वेळी रात्री झोपण्यापूर्वी सायीचा हात फिरवावा."

धूड जागच्या जागी थिजलं. त्याने ही बाई आजवर ऐकली नव्हती. तिने कोपरे आणि टाचांची काळजी सुरू केली तेव्हा ते वळलं आणि आपल्या कोरड्या टाचा घेऊन झुडपात नाहीसं झालं. मोठे बाबा रेडिओ घेऊन वाफ्यांतून बांबूकडे चालले. पाठमोरे होते, पण त्यांचा आवाज आला, "पाह्यलं? काडी हालवली अन बोलला."

मोठी आई पोत्यावर बसली आणि तिने उरलेला स्क्रू सुपारीच्या डबीत ठेवून दिला. "तुह्या बापाले सांग," ती म्हणाली, "नियम बरोबर हाय. पन तुह्या पत्रकात वेटोळं टाक. नाई त् पुढच्या बाईचं वावर जाईन."

मी रात्री फोनवर सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, वेटोळं हे नाव एकमताने मंजूर केलं आणि विचारलं, "पण पोतं नेमकं कुठे जातं?"

रताळी शिवरात्रीला अकोल्याच्या बाजारात गेली, चाचांच्या मेथीच्या गाडीतूनच. पत्रकाची नवी आवृत्ती आली आहे आणि वेटोळं पहिल्या ओळीत आहे, अँटेनाच्याही आधी. नाव क्षुल्लक भागांनाही हवं, हे माझं म्हणणं त्या सांजेपासून आणखी कडक झालं आहे. अख्ख्या वावराचं भवितव्य अशाच एखाद्या बिननावाच्या तारेवर टेकलेलं असतं.

म्हणून एवढंच करा. तुमच्या माळ्यावर किंवा कपाटात एक गप्प रेडिओ पडलेला असेल. आज तो खाली काढा. बुडाचं झाकण उघडा, जुने सेल बाहेर काढा, वेटोळं काडीपेटीच्या बाजूने घासा आणि नवे सेल घाला. बोलायला लागला, तर स्वतःजवळ ठेवू नका. जवळच्या कोणाच्या तरी वावरात, सूर्य मावळायच्या आत, नेऊन द्या.